आमचा संशयास्पद कूलर

परभणीत ऐन एप्रिलमध्ये कूलर विकणारा माणूस मुळातच संशयास्पद, हे मला मान्य आहे. पण नवा घेतला होता आणि जुना दारात अडगळ होऊन बसला होता. एका पोरानं फोनवरून 1800 रुपये टाकले आणि टेम्पोत घालून नेला.

चौथ्या दिवशी चहाचे 20 रुपये जाईनात. एटीएमनंही नुसती पावती काढून दिली. चहावाला म्हणाला, "राहू द्या गुरुजी, लिहून ठिवतो." वहीत माझं नाव चढलं. शेजारी बसलेल्या दोघांनी ते वाचलंसुद्धा.

बँकेत मॅनेजरसाहेबांनी स्क्रीन माझ्याकडं वळवण्याऐवजी अजून थोडा स्वतःकडं ओढून घेतला, तेव्हाच पोटात गोळा आला.

"होल्ड लागलाय, गुरुजी."

"कामून?"

हैदराबादकडच्या कुणाला तरी भामट्यांनी लुबाडलं. त्यानं सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरच्या हेल्पलाइनला फोन केला. मग त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढं सरकले, त्या सगळ्यांना लगाम. एक गडी उचल घेऊन पळाला म्हणून मुकादमानं अख्खी टोळी कोप्यावर बसवून ठेवावी, तसं. माझे 1800 त्यातलेच, चौथ्या हाताचे. बरं, अडवायचे तर तेवढेच अडवा! इथं पेन्शनसकट सगळं खातंच अडकलं. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबादच्या निजामापासून सुटला. मी परत सापडलो.

"मला वाटलं, भावानं सोयाबीनची रोकड भरली म्हणून..."

"ते वेगळं. एकाएकी मोठी रोकड यायला लागली, नाहीतर आलेला पैसा लगेच दहा जागी पांगला, की आम्ही दिल्लीला फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवतो. 2002 चा मनी लाँड्रिंगचा कायदा आहे. आणि कळवलंय हे खातेदाराला सांगायला बंदी असते."

"मग माझं कळवलंय का?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला.

34 वर्षं शाळेत काढली, पण खिचडीच्या तांदळावरूनसुद्धा कुणी माझ्यावर संशय घेतला नव्हता. घरी सांगितलं तर बायको कणीक मळता मळता थांबली आणि माझ्याकडं पहिल्यांदाच जरा निरखून बघत म्हणाली, "नेमकं किती लाखाचं केलं तुम्ही?" 1800 म्हटल्यावर पुन्हा कणकेकडं वळली.

आता तिकडच्या सायबर पोलिसांना अर्ज पाठवायचा: पैसे कूलरचेच, सोबत पुरावा. कूलरची पावती कुठून आणू? तो घेतला तेव्हा दुकानदारानं पावतीऐवजी वाळ्याचं गवत जास्तीचं दिलं होतं. शेवटी त्या पोरालाच फोन लावला. म्हटलं, बाबा, मपला कूलर तू घेतलास एवढं लिहून दे.

"देतो की, काका," तो म्हणाला. "पण मोटर जळाली त्याची. आधी तेवढे 1800 परत टाका."