ट्रान्सफॉर्मर बदलेपर्यंत थांबायची गरज नाही

नमस्कार. मेच्या उकाड्यात मुंबईची विजेची मागणी ४००० मेगावॅटच्या वर जाते, अशात सोसायट्यांना इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर बसवायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, आधी ट्रान्सफॉर्मर मोठा करा, असं तुम्ही लिहिलंय. काळजी रास्त आहे. निष्कर्ष मला पटत नाही.

४० गाड्या गुणिले एका चार्जरचे ७.४ किलोवॅट, म्हणजे २९६ किलोवॅट, हा तुमचा हिशोब. ऑफिसातून येऊन सगळ्यांनी एकदमच प्लग लावला तर तो खरा ठरेल. पण शहरात रोज ४० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला, चार्जिंगमधली गळती धरून, साधारण ७ युनिट पुरतात. ४० गाड्यांचे झाले २८० युनिट. रात्री ११ ते सकाळी ६ मध्ये ते वाटून दिले तर भार येतो ४० किलोवॅट!

त्या वेळी एसीही जोरात चालू असतात, म्हणून नुसत्या टायमरने भागत नाही. मीटर रूममधल्या मेन इनकमरवर, म्हणजे इमारतीत वीज येते त्या मुख्य जोडणीवर, सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) बसवतात. करंट ठरवलेल्या मर्यादेजवळ आला की चार्जर आपोआप ३२ अँपिअरवरून १६ वर, मग ६ वर उतरतात, वेळ पडली तर आळीपाळीने थांबतात. पहाटे एसी बंद होऊ लागले की पुन्हा चढतात.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. पहिले चार-पाच जण आपापल्या नावाने भार मंजूर करून घेतात, शिल्लक क्षमता संपते आणि पुढच्या सभासदाला 'आता ट्रान्सफॉर्मर बदला' असं ऐकावं लागतं. ट्रान्सफॉर्मर बदलायला जागा हवी, ११ केव्हीच्या (११,००० व्होल्टच्या) केबलसाठी रस्ता खोदायला हवा, पावसाळ्यात तर ती परवानगी मिळणंही कठीण. मग कुणीतरी लिफ्टच्या लाइनवरून पार्किंगपर्यंत वायर ओढतो. आग लागते ती अशा जोडण्यांनी. शिल्लक भार सोसायटीच्या नावावर एकत्र घ्या आणि सगळ्यांत वाटा, हा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

बस डेपो आणि तिथल्या ६० किलोवॅटच्या अनेक फास्ट चार्जरबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य. पहिली बस वेळेवर निघायलाच हवी, तिथे स्वतंत्र ११ केव्ही जोडणी लागणारच.

तुमच्या इमारतीत वीज कंपनीशी बोलून मेन इनकमरवर आठवडाभर लोड रेकॉर्डर लावून घ्या, शक्यतो मेमध्येच. आकडे इथे टाकलेत तर चार्जरसाठी मर्यादा किती ठेवायची, ते मी काढून देईन.