जेरुसलेम दिन तीन हजार वर्षांचा नाही

मे महिना सरत आला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक घरच्यांचाच. मजकूर थोडक्यात असा: ‘७ जून, जेरुसलेम दिन. ज्यू लोक गेली तीन हजार वर्षं हा सण अखंड साजरा करत आहेत. याच दिवशी जेरुसलेम इस्रायलची राजधानी झालं. आज जगातला प्रत्येक ज्यू आणि जेरुसलेमचा प्रत्येक माणूस रस्त्यावर नाचतो.’ खाली सोनेरी घुमटाचा फोटो, त्यावर ‘ज्यूंचं मंदिर’ असं लिहिलेलं.

पाठवणाऱ्यांना ज्यू लोकांविषयी आपुलकी आहे, हे मला कळतं. मी अलिबागकडची. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, शेजारी असलेल्या गावांत वाढलेल्यांना ही आपुलकी शिकवावी लागत नाही. पण आपुलकी असली तर त्या माणसांची गोष्ट खरी सांगायला हवी. या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकलेलं आहे.

तारखेचं आधी उरकते. यहुदी पंचांग आपल्यासारखंच चंद्रावर चालतं, ऋतूंशी मेळ राहावा म्हणून अधिक महिनाही घेतं. हा दिवस इय्यार महिन्याच्या २८ तारखेला असतो. १९६७ साली त्या तिथीला ७ जून होता, एवढाच त्या तारखेचा संबंध. २०२१ मध्ये तो १० मेला आला, २०२४ मध्ये ५ जूनला, २०२५ मध्ये २६ मेला. आपल्या कॅलेंडरात तेव्हा अमावास्या एक-दोन दिवसांवर असते.

आता ‘तीन हजार वर्षं’. हा सण इस्रायल आणि अरब देशांमधल्या १९६७ च्या युद्धातून जन्मला. १९४८ ते १९६७ शहराचे दोन तुकडे होते. पश्चिमेकडचा भाग इस्रायलकडे. जुनं शहर आणि पूर्वेकडचा भाग जॉर्डनकडे. मध्ये काटेरी तारा. १९४९ च्या युद्धविराम करारात पवित्र स्थळांपर्यंत जाऊ देण्याची तरतूद होती, पण ती कागदावरच राहिली. एकोणीस वर्षं ज्यूंना पश्चिम भिंतीपाशी, म्हणजे जुन्या शहरातल्या त्यांच्या प्रार्थनेच्या जागी, जाता आलं नाही. लोक झायनच्या टेकडीवर चढून जुन्या शहराकडे नुसतं बघून परत यायचे. ७ जूनला इस्रायलचे छत्रीधारी सैनिक सिंहद्वारातून जुन्या शहरात शिरले आणि ते इस्रायलच्या ताब्यात आलं. पुढच्या आठवड्यात शावुओत हा ज्यूंचा सण आला, तेव्हा भिंतीपाशी सुमारे दोन लाख माणसं लोटली. वार्षिक दिवस म्हणून सरकारने त्याची घोषणा १९६८ मध्ये केली आणि कायदा तर १९९८ चा आहे. म्हणजे हा सण महाराष्ट्र राज्यापेक्षाही तरुण आहे.

इथे दुसऱ्या टोकाचे लोक लगेच म्हणतात, ‘बघा, मग ज्यूंचं जेरुसलेमशी नातंच नवं.’ हेही तितकंच खोटं. सण नवा आहे, ओढ फार जुनी आहे. लग्नात आनंदाच्या ऐन क्षणी पेला पायाखाली फोडतात, तो जेरुसलेममधल्या पाडल्या गेलेल्या मंदिराच्या आठवणीने. पेसाह सणाचं जेवण ‘पुढल्या वर्षी जेरुसलेमात’ म्हणून संपतं. प्रार्थनेला तोंड त्या शहराकडे करतात, म्हणून आपल्या कोकणातल्या सिनेगॉगांत, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांत, धर्मग्रंथाचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला असतं.

आणि पुरावा हवा तर स्वयंपाकघरात आहे. यहुदी पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला ज्यू लोक दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचा शोक करतात. पहिलं मंदिर बाबिलोनच्या सैन्याने पाडलं, दुसरं रोमनांनी इसवी सन ७० मध्ये. कोकणातले बेने इस्रायल या उपासाला ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत आले, कारण त्याच्याशी वालाच्या बिरड्याचं जेवण जोडलेलं. बिरडं ज्याने केलंय त्याला माहीत आहे: वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांच्या चिमटीत दाबून सोलायचा. ओल्या सालींचा तो वास हाताला दिवसभर राहतो. हजारो मैलांवरच्या शहराचं दुःख या माणसांनी आपल्या मराठीत, आपल्या परसातल्या कडधान्याच्या नावाने सांभाळलं. एवढं खरं हाताशी असताना तीन हजार वर्षांचा सण रचायची गरजच काय?

राजधानीचं विधानही टिकत नाही. इस्रायलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांनी जेरुसलेम ही राजधानी असल्याचं डिसेंबर १९४९ मध्येच सांगितलं होतं. तेव्हा इस्रायलकडे फक्त पश्चिम भाग होता. ‘अखंड जेरुसलेम राजधानी’ हा कायदा ३० जुलै १९८० चा. तो संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव ४७८ ने अवैध ठरवला आणि पूर्व जेरुसलेमचं विलीनीकरण आजही बहुतेक देश मानत नाहीत.

‘प्रत्येक ज्यू’ म्हणणं म्हणजे त्या समाजाचं अंतरंग न पाहणं. हा सण मनापासून साजरा करतात ते मुख्यतः धार्मिक झायनवादी, म्हणजे ज्यू राष्ट्राकडे धर्माच्या नजरेने पाहणारे. त्यांच्या प्रार्थनेत त्या दिवशी हल्लेलची स्तुतिस्तोत्रं असतात. अनेक हरेदी, म्हणजे कर्मठ पंथीय, त्या दिवशी एरवीचीच प्रार्थना म्हणतात. राज्याने ठरवलेल्या दिवसाला त्यांच्या लेखी धार्मिक वजन नाही. इस्रायलबाहेरच्या कित्येक ज्यू घरांत तर हा दिवस आला आणि गेला तरी कळत नाही. आणि इथिओपियातून आलेल्या ज्यूंसाठी हा दिवस शोकाचाही आहे. जेरुसलेमच्या ओढीने घरदार सोडून ते सुदानच्या वाटेने पायी निघाले, त्यातले सुमारे चार हजार वाटेतच गेले. जेरुसलेमच्या हर्झल टेकडीवर याच दिवशी त्यांचं सरकारी स्मरण होतं. मेसेजमध्ये याला एक ओळ मिळाली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

उरलं ‘जेरुसलेमचा प्रत्येक माणूस’. हे वाक्य मला सर्वांत जास्त बोचतं. शहरातले दहातले जवळपास चार लोक पॅलेस्टिनी आहेत. बहुतेकांकडे कायम रहिवासाचा परवाना आहे, नागरिकत्व नाही. त्यांच्यासाठी हा इस्रायलने त्यांच्या भागाचा ताबा घेतल्याचा दिवस. पश्चिम भिंतीपुढचं आजचं मोठं पटांगण जिथे आहे तिथे १९६७ च्या जूनपर्यंत मुघराबी मोहल्ला ही अरबांची वस्ती होती; युद्ध संपता संपताच रहिवाशांना बाहेर काढून ती बुलडोझरने पाडली. या दिवशी दरवर्षी निघणारा इस्रायली ध्वज-मोर्चा जुन्या शहराच्या दमास्कस दरवाजातून मुस्लिम मोहल्ल्यात शिरतो, तेव्हा तिथले दुकानदार शटर ओढून आत बसतात. मोर्च्यातल्या काही टोळक्यांनी ‘अरबांना मरण’ अशा घोषणा दिल्याचं अनेकदा नोंदलं गेलं आहे. त्याच गल्ल्यांत काही ज्यू इस्रायली फुलं घेऊन अरब रहिवाशांना भेटतात, हेही खरं. २०२१ साली पोलिसांनी ऐनवेळी मोर्च्याचा मार्ग बदलला, त्याच संध्याकाळी हमासने जेरुसलेमवर रॉकेटं सोडली आणि अकरा दिवसांचं युद्ध पेटलं.

शेवटी तो फोटो. सोनेरी घुमट म्हणजे कुब्बत अस्-सख्रा; सातव्या शतकाच्या अखेरीस खलिफा अब्द अल-मलिकने बांधलेली इस्लामी वास्तू. मंदिर तिथे होतं, पण आज उभं नाही. ज्यू जिथे प्रार्थना करतात ती पश्चिम भिंत खाली आहे, हेरोद राजाने मंदिराच्या चौथऱ्याला घातलेली आधारभिंत. १९६७ मध्ये सैनिकांनी त्या घुमटावर इस्रायलचा झेंडा चढवला होता. संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी तो उतरवायला लावला आणि आवाराचा कारभार मुस्लिम वक्फकडेच ठेवला.