पिशवी गरिबांची, मग वजनकाटा कुणाचा?

गावाकडच्या आमच्या ग्रुपवर मागच्या आठवड्यात एका चुलतभावाने टाकलं, "गरीब बाईच्या डिलिव्हरीला प्लॅस्टिकची पिशवी आणि पैसेवालीला मशिनं, हा कुठला न्याय?" विषय होता बाळंतपणानंतर जाणारं रक्त मोजायच्या रेघांच्या पिशवीचा. लगेच अंगठ्यांचा पाऊस. मला नाही पटलं, आणि इंग्लंडात बर्मिंगहॅममध्ये बसून बोलतेय म्हणून 'तुझं काय जातंय' असं ऐकावं लागणार हे पण माहितीये.

पिशवी म्हणजे काय, तर बाळ झालं की बाईच्या खाली सारायचं प्लॅस्टिक, त्याचं टोक नरसाळ्यासारखं निमुळतं, आणि त्यावर रेघा. 500 मिलीची रेघ गाठली की हालचाल करायची. एरवी रक्त चादरीत मुरतं, कापसात जातं, बादलीत, फरशीवर, आणि अंदाज कमीच निघतो. किती कमी हे आपल्या बेळगावच्या जे. एन. मेडिकल कॉलेजात मोजून बघितलंय, 2006 साली छापून पण आलं, नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा 33 टक्के कमी. म्हणजे गडहिंग्लजच्या शेजारचं काम, आणि आपण म्हणतोय गरिबांच्या गळ्यात मारलं!

आता 'पैसेवालीचं' सांगते. माझी डिलिव्हरी इथल्या सरकारी हॉस्पिटलात झाली, खोलीत मशिनं भरपूर, पण मिडवाइफ, म्हणजे इथली शिकलेली सुईण, भिजलेले पॅड उचलून चक्क वजनकाट्यावर ठेवत होती, त्यातनं कोरड्या पॅडचं वजन वजा, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली, लिहून टाकलं, झालं. कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही.

भावाच्या रागात तथ्य आहे ते दुसरीकडेच. नुसती पिशवी काही करत नाही. युरोपातल्या 13 देशांत ती एकटीच वापरून बघितली, 2010 मध्ये निकाल आला, ठोस असा फरक दिसला नाही. मग 2023 मध्ये इथल्याच बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या टीमचा निकाल आला, केनिया, नायजेरिया, साउथ आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 हॉस्पिटलांतला. तिथे पिशवीबरोबर नियम होता, जास्त रक्त जातंय असं दिसलं की एकेक उपाय करून वाट बघत बसायचं नाही, गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळायचं औषध), ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्त थांबायला मदत करणारं औषध), सलाइन, तपासणी, सगळं लागोपाठ. लिटरभर किंवा जास्त रक्त जाणं, त्यापायी पोट उघडावं लागणं किंवा बाई दगावणं, हे सगळं मिळून 60 टक्क्यांनी कमी झालं.

पण त्यासाठी रात्री तीनला त्या पिशवीकडे बघणारं कुणीतरी जागं पाहिजे ना! ऑक्सिटोसिन 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं असतं, लाइट गेली की फ्रिजचं काय? रक्त लागलं तर किती लांबून आणायचं? मिडवाइफ पुरत नाहीत ही बोंब इथे पण आहेच, हे काही स्वर्ग नाहीये. आपल्याकडे मात्र मशिन आलं की नारळ फुटतो, आमदारांचा फोटो येतो, नर्सची रिकामी जागा भरली तर कोण फोटो काढतंय?

भावाला एवढंच लिहिलंय की बाबा, ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचार, लेबर रूमला रात्रपाळीला किती जणी असतात आणि फ्रिजच्या टेंपरेचरची नोंद शेवटची कधी केली. अजून ब्लू टिक पण नाही.