पुण्याचा हिशेब

संत तेरेजा या फ्रेंच धर्मभगिनीवरचा एक लेख वाचनात आला. त्यातलं तिचं देवाला उद्देशून असलेलं वाक्य, ‘मी रिकाम्या हातांनी तुझ्यापुढे उभी राहीन’, वाचलं आणि आई डोळ्यांसमोर आली. शेवटच्या आजारपणात ती सारखी हिशेब मांडायची. किती मिस्सा (चर्चमधल्या सामूहिक उपासना) चुकल्या, कोणत्या जावेशी अबोला धरला, ईस्टरआधीच्या उपवासकाळात कधी मासळी खाल्ली. रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा, मणी बोटात धरून मध्येच विचारायची, "एवढ्यावर देव घेईल का गं मला?" मी म्हणायचे, "आई, आयुष्यभर तू किती केलंस!" आता कळतं, माझं उत्तरच चुकलं. मीही पुण्याचीच बेरीज करत होते.

तेरेजा पंधराव्या वर्षी फ्रान्समधल्या लिझ्यू इथल्या कार्मेल या धर्मभगिनींच्या मठात गेली आणि १८९७ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. पवित्र होण्याचा जिना आपल्याला चढवत नाही, हे तिला ठाऊक होतं. श्रीमंतांच्या घरी तेव्हा नव्या आलेल्या लिफ्टकडे पाहून ती म्हणाली, येशूचे हात हीच माझी लिफ्ट. मोठं व्हायचंच नाही, लहान राहायचं, म्हणजे तो उचलून घेतो. (आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात ‘मृत्यूनंतर गुलाबांचा वर्षाव करीन’ या तिच्या वचनाबद्दल खूप सांगितलं, हे मात्र कधी नाही.)

हे आईला तिच्या उशाशी बसून वाचून दाखवायला हवं होतं.