आठ ओळींसाठी अकरा महिने

"उताऱ्यांची परवानगीपत्रं जोडा, नाहीतर उतारे गाळा."

अकरा महिने खेटे घातल्यावर प्रकाशनसंस्थेकडून आलेलं हे उत्तर. माझा लेख चाळीस पानांचा, एका कवीच्या लयीवर. त्यात त्यांच्या सगळ्या मिळून आठ ओळी. ओळ समोर न ठेवता लय कुठे मोडली हे वाचकाला कसं दाखवायचं, ते एकदा यांनीच मला शिकवावं.

परवानगी मागायला माझी ना नव्हती. कवी १९८०च्या दशकात गेले. संग्रह काढला, पान उलटलं, तर हक्क "सौ." म्हणून पत्नीच्या नावावर. आपल्या जुन्या पुस्तकांत हे सर्रास दिसतं. त्या बाईही आता नाहीत. खाली प्रकाशकाचा गिरगावातला पत्ता, तिथे आज टॉवर उभा आहे. शिल्लक प्रती ज्यांनी विकत घेतल्या ते म्हणाले, "आम्ही फक्त पुस्तकं घेतली, हक्क घरच्यांकडे." घरी तीन भावंडं. थोरले म्हणाले, "हक्क प्रकाशकाकडेच असतात ना?" परदेशातल्या बहिणीनं अगदी प्रेमानं कळवलं, दादांना विचारा. मधल्यांनी ओळीमागे दोन हजार रुपये सांगितले. वर हेही, की थोरल्यांची सही आपल्याला मान्य नाही, दोघांचं बोलणं बंद आहे. सख्ख्या भावांच्या भांडणात माझ्या लेखानं का अडकून पडायचं?

आणि खरा संताप पुढेच आहे. या सगळ्याची गरजच नव्हती! प्रताधिकार म्हणजे कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं कलम ५२ स्पष्ट सांगतं की एखाद्या साहित्यकृतीवर टीका किंवा परीक्षण लिहिताना तिचा उचित वापर केला तर तो हक्कभंग होत नाही. हक्कभंगच नाही, तर परवानगी कसली? १९९६ साली केरळ उच्च न्यायालयासमोर एका गाजलेल्या मल्याळी नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेलं प्रतिनाटक आलं होतं. मूळ नाटकातले प्रसंग आणि संवाद त्यात भरपूर घेतलेले. तरी ते टीका करण्यासाठी घेतलेत, हे न्यायालयानं ग्राह्य धरलं. तिथे नाटकाचं नाटक चाललं आणि इथे माझ्या आठ ओळी अडल्यात.

हे फोनवर सांगितलं तर पलीकडून काय ऐकायला मिळावं? "मॅडम, चार ओळींपर्यंत चालतं, आठ नाही." कुठे लिहिलंय हे? कायद्यात ओळींचा आकडा नाही, लोक सांगतात त्या दहा टक्क्यांचा तर नाहीच नाही. किती घेतलं, कशासाठी घेतलं, मूळ पुस्तकाच्या विक्रीला त्यानं धक्का बसतो का, हे बघायचं असतं. माझा लेख वाचून संग्रह विकत घ्यायचा कुणी थांबणार आहे का? संग्रह बाजारात मिळतच नाही! वर्षानुवर्षं पुनर्मुद्रण नाही. तो वाचायला मला ग्रंथालयाची जीर्ण प्रत हाताळावी लागली.

एका वकील परिचितांनी कलम ३१-क सुचवलं. लेखक हयात नाही आणि हक्कदार सापडत नाही, तेव्हा परवाना मागायची ही वाट. पण अर्जाआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची. मराठी कवितेच्या मराठी ओळी मराठी लेखात घ्यायच्या, आणि नोटीस इंग्रजी पेपरात! माझ्या बाबतीत तर हक्कदार सापडलेत, तीन-तीन. मग तीही वाट बंद.

कवींचे पैसे बुडवा असं मी म्हणत नाही. अख्खी कविता पाठ्यपुस्तकात घ्या, तिला चाल लावा, तर मोबदला द्यायलाच हवा. कवितेवर पोट भरलेला कवी मराठीत मला तरी माहीत नाही. पण हक्कांची मुदत बघा. लेखक गेल्यानंतर ६० वर्षं. आधी ५० होती. रवींद्रनाथ १९४१ ला गेले, त्यांचे हक्क १९९१ अखेर संपत होते, तेव्हा ती वाढवली गेली. साने गुरुजी १९५० ला गेले म्हणून २०११ पासून खुले, मर्ढेकर १९५६ ला गेले म्हणून २०१७ पासून. माझे कवी खुले व्हायला २०४०चं दशक उजाडेल. तोवर त्यांच्यावर कुणी लिहायचंच नाही का? ओळ उद्धृत करायची नाही म्हणजे लिहायचं नाही, दुसरं काय?

याच कवीच्या नावानं गेली दोन वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर एक भिकार कविता फिरतेय. त्यांची नाही, त्यांची असूच शकत नाही, यमकंसुद्धा धड जुळलेली नाहीत. मी तिघा भावंडांनाही ती पाठवली, निदान खुलासा तरी करा म्हणून विनवलं. तिघांपैकी एकानंही साधं उत्तर दिलं नाही. वडिलांच्या नावावर कचरा खपतोय तो यांना चालतो, आणि त्यांच्या खऱ्या ओळी त्यांच्याच नावानिशी छापायच्या म्हटलं की दोन हजार रुपये!

ओळी गाळून लेख देणार नाही. आज तसं लिहून पाठवलंय, सोबत कलम ५२ ची झेरॉक्स जोडून.