०५ ००२चा विक्रम कुणी पुसलेला नाही

‘वाफेच्या इंजिनाचा खरा जागतिक विक्रम जर्मनीच्या ०५ ००२चा. ब्रिटिशांचं मॅलार्ड उतारावरून घरंगळलं, आणि युद्ध जिंकल्यावर त्यांनी जर्मन विक्रम पुसून टाकला. हिटलरने बनवून घेतलेली ही इंजिनं रोज २००च्या वेगाने धावत. विक्रम करणारं इंजिन आजही न्यूरेंबर्गच्या संग्रहालयात आहे.’ लाल इंजिनाच्या फोटोसह हा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. हे इंजिन माझ्या फार आवडीचं आहे, म्हणून त्याच्या नावावर असलं काही खपवलेलं मला बघवत नाही.

आधी पुसून टाकल्याचं बघू. ११ मे १९३६ रोजी बर्लिन-हॅम्बुर्ग मार्गावर ०५ ००२ने चार डब्यांची, १९७ टनांची गाडी ओढत ताशी २००.४ किलोमीटर वेग गाठला. रेल्वेच्या इतिहासात हा आकडा उघडपणे नोंदलेला आहे. ३ जुलै १९३८ला मॅलार्डने ताशी १२६ मैल, म्हणजे २०२.८ किलोमीटर गाठले. ही तारीख नीट वाचावी. युद्धाला तेव्हा वर्षाहून जास्त अवकाश होता, त्यामुळे जेत्यांनी विक्रम पुसला हे कालक्रमातच बसत नाही.

उताराचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी मान्य करतो. मॅलार्ड जिथे धावलं त्या इंग्लंडमधल्या स्टोक बँकवर साधारण दर २०० फुटांना एक फूट उतार आहे, तर जर्मन मार्ग जवळजवळ सपाट होता. मॅलार्डच्या मधल्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग तापलं आणि इंजिन पीटरबरो स्थानकात गाडीपासून वेगळं करावं लागलं. मॅलार्डचे रचनाकार ग्रेझली यांनी स्वतः १२६चा क्षणिक आकडा ग्राह्य धरला नाही, ते १२५वर समाधानी होते. तरी १२५ मैल म्हणजेही २०१ किलोमीटर होतात. शिवाय मॅलार्डमागे सात डबे होते, सुमारे २४० टनांचे. त्याला ‘घरंगळलं’ म्हणणं अन्यायाचं आहे. सपाट रुळांवरची धाव मला जास्त मोलाची वाटते, पण ते माझं मत झालं. सर्वाधिक वेग मॅलार्डचाच.

०५ वर्गाच्या इंजिनांची खरी गंमत त्यांच्या चाकांत आहे. चालक चाकाचा व्यास २३०० मिलिमीटर, म्हणजे घराच्या नेहमीच्या दारातून ते आत जाणार नाही. एका फेऱ्यात सव्वासात मीटर अंतर. २००च्या वेगाला ते मिनिटाला सुमारे ४६० वेळा फिरतं. मॅलार्डच्या २०३२ मिलिमीटरच्या चाकाला विक्रमी वेगात सुमारे ५३० फेरे घ्यावे लागले. फेरे कमी म्हणजे दट्ट्या, रॉड, बेअरिंग सगळ्यांवरचा ताण कमी. बोर्सिग कारखान्याच्या अडॉल्फ वोल्फ यांनी ०५ला तीन सिलिंडर, २० बार दाबाचा बॉयलर आणि रुळांच्या जरा वरपर्यंत येणारं पत्र्याचं आवरण जोडलं.

‘हिटलरने बनवून घेतलं’ म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं, की ताशी १५०च्या वर धावणाऱ्या वाफेच्या इंजिनाचा विचार जर्मन रेल्वेत १९३३च्या सत्तांतराआधीच सुरू झाला होता. राजवटीने विक्रमाचा प्रचारासाठी वापर केला, हे खरंच आहे. आराखडा मात्र रेल्वे आणि कारखान्यातल्या अभियंत्यांचा.

रोज २००? छे! या वर्गाची इंजिनं बनली अवघी तीन. अनुज्ञेय वेग १७५. बर्लिन-हॅम्बुर्गच्या नियमित गाडीला सुमारे १४५ मिनिटं लागत, म्हणजे सरासरी ताशी ११९ किलोमीटरच्या आसपास. वाफेच्या गाडीसाठी ही सरासरी रोजच्या रोज राखणं मला त्या एका दिवसाच्या विक्रमाइतकंच थोर वाटतं. बॉयलरच्या पोलादाने दगा दिला आणि दाब उतरवावा लागला. मग युद्धाने वेगवान गाड्याच बंद केल्या. १९५०च्या सुमारास तिन्ही इंजिनं आवरणाविना पुन्हा कामाला लावली गेली, ती १९५८पर्यंत धावली.

आणि तो फोटो. न्यूरेंबर्गला उभं आहे ते ०५ ००१. त्याचं लाल आवरण नंतर पुन्हा चढवलेलं आहे आणि एका बाजूला थोडं उघडं ठेवलं आहे, त्यामुळे ती प्रचंड चाकं जवळून बघता येतात. २००.४ गाठणारं ०५ ००२ मात्र १९६० साली भंगारात गेलं.