दादाचं गणित आणि अकरा महिन्यांचं घर

दादाचा रविवारचा फोन हल्ली फिरून फिरून घरावर येतो. पुतण्याचं लग्न बघताहेत आणि मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न एकच: स्वतःची जागा आहे का? दादाचं गणित तयार आहे. भाडं भरतो तेवढ्यात हप्ता जातो, वर सरकार व्याजात सूट देतंय, मग घेऊनच टाकावं. मी इथे कॅलिफोर्नियात, सॅन होजेत बारा वर्षं भाड्याने राहतोय, त्यामुळे या विषयात माझं मत बाद धरलं जातं. तरी सांगतो.

सूट म्हणजे पंतप्रधान आवास योजना शहरी 2.0 मधली. घर 35 लाखांच्या आतलं, कर्ज 25 लाखांच्या आतलं, पहिल्या 8 लाखांच्या व्याजात 4 टक्के अनुदान, सगळं मिळून फार तर 1 लाख 80 हजार. ही 35 लाखांची अट वाचली की दादाचा शोध डोंबिवलीतून उठून बदलापूरला जातो. आणि ते अनुदान शेवटी बिल्डरच्या दरातच जिरतं, अशी मला दाट शंका आहे.

कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये ‘ड्रीम फॉर ऑल’ नावाची योजना काढली. डाउन पेमेंटसाठी घराच्या किमतीच्या 20 टक्क्यांपर्यंत कर्ज, त्याचा महिन्याला हप्ता नाही. घर विकलं की मुद्दल परत करायचं आणि वाढलेल्या किमतीतला वाटाही द्यायचा. सरकार दाता नाही, भागीदार. परत आलेला पैसा पुढच्या माणसाला. हे मला पटतं. पण 30 कोटी डॉलर अकरा दिवसांत संपले आणि पुढच्या वर्षी चक्क सोडत काढावी लागली. इतकी वर्षं परदेशात काढून पुन्हा म्हाडाची सोडतच! कर्ज वाटल्याने घरं वाढत नाहीत, रांग वाढते.

म्हणून मला इथली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. करसवलत घेऊन बांधलेल्या इमारतींत भाडं उत्पन्नगटानुसार बांधलेलं असतं आणि कॅलिफोर्नियात ते बंधन साधारण 55 वर्षं चालतं. तिथेही प्रतीक्षायादी लांबलचक आहे, नाही असं नाही. पण आत शिरलेल्याला दर वर्षी बोचकी बांधावी लागत नाहीत.

मुंबईला हे नवं नाही. बीडीडी चाळी शंभर वर्षांपूर्वी सरकारनेच भाड्यासाठी बांधल्या. पुढे 1947 च्या कायद्याने खाजगी भाडी गोठली, मालकांनी डागडुजी सोडली, पागडी, म्हणजे जागेत शिरताना भाडेकरूने मोजायची एकरकमी रक्कम, आली. 2008 मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, 160 चौरस फुटांची भाड्याची घरं आखली, त्यातली पनवेलजवळच्या कोनमधली 2016 मध्ये गिरणी कामगारांच्या सोडतीत मालकीने गेली. कामगारांचा हक्क कोण नाकारेल? पण भाड्याची घरं तेवढी कमी झालीच. आपल्याकडे भाड्याचं घर म्हणजे मालकीच्या वाटेवरची धर्मशाळा.

परवा पुतण्यालाच विचारलं. त्याचा अकरा महिन्यांचा करार संपत आलाय. म्हणाला, ‘‘काका, पाच वर्षं कुणी हलवलं नाही ना, तरी मला चालेल.’’ तेवढ्यात दादाने फोन ओढून घेतला. रात्री व्हॉट्सॲपवर बदलापूरच्या सॅम्पल फ्लॅटचा व्हिडिओ आला.